निळा कान

बायको होती तोवर मला कानांची गरज पडली नाही. थट्टा करत नाही. कारखान्यात प्रेसच्या खात्यात अप्रेंटिस म्हणून लागलो, तिथंच फिटर झालो, तिथूनच निवृत्त झालो. प्रेस खाली आपटला की पायाखालची फरशी हलायची. कानांत घालायला बुचं मिळायची, ती आम्ही खिशात ठेवायचो. उजवा कान नोकरीतच गेला. डावा अर्धामुर्धा घेऊन घरी आलो.

तेव्हापासून ती माझ्या डाव्या हाताला. बँकेत, लग्नात, दवाखान्यात, देवळात, कुठंही गेलो की ती डावीकडं. समोरचा माणूस चार वाक्यं बोलला की ती मला कोपरानं ढोसायची आणि दोन शब्द द्यायची. "नको म्हणतायत." "बुधवारी या." "खोटं बोलतोय." यातलं शेवटचं समोरचा बोललेला नसायचा, ते तिचं स्वतःचं. पण मला सगळं एकाच आवाजात यायचं, त्यामुळं कुणाचं काय ते मी कधी निवडत बसलो नाही. दोन-दोन शब्दांत आमचा संसार झाला आणि बरा झाला.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती गेली. ताप आला म्हणून दवाखान्यात नेली होती. तरुण डॉक्टर दार उघडून बाहेर आला आणि मला काहीतरी सांगायला लागला. बराच वेळ सांगत होता, हात जोडत होता. मी डावीकडं बघितलं. आता हे लिहिताना वाटतं, काय वेडेपणा, जी आत कॉटवर होती तिनं मला बाहेर येऊन कसं सांगावं? पण मान वळली ती वळली. मुलगा समोर भिंतीला टेकून रडत होता. शेवटी नात पुढं आली, माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आजी गेली."

ही नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. ती शिकली तेही कानाचंच. इथं बेंगळुरूत चार वर्षांची डिग्री आहे, त्यात कान आणि बोलणं दोन्ही शिकवतात. ज्याला ऐकू येत नाही त्याला तपासायचं, मशीन लावायचं, आणि जे पोर बोलत नाही त्याला बोलायला शिकवायचं. शेवटचं वर्ष हॉस्पिटलात काम करायचं. ते हॉस्पिटल बनशंकरीच्या आमच्या घरापासून जवळ. म्हणून आणि आजी गेली म्हणून ती माझ्याकडं राहायला आली. तिचे आईबाप शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला. मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठा साहेब आहे. अकराव्या मजल्यावर घर आहे, लिफ्टमध्ये आरसा आहे.

मुलाचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच. "बाबा, आमच्याकडं चला."

मी तिथं मागे राहून आलोय. खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात. खाली फिरायला गेलो तर वॉचमननं मलाच विचारलं, कुणाकडं जायचंय? मी म्हटलं, नको बाबा. हे घर मी आणि तिनं बांधलं. खालच्या मजल्यावर भाडेकरू अक्का आहे, ती मला यजमानरे म्हणते आणि मान देते. कोपऱ्यावरचा दुकानदार मी दिसलो की न विचारता पोहे बांधतो. माझं इथं भागतं.

तसं भागत होतं खरं, पण डाळीनं घात केला. नात हॉस्पिटलात गेली होती. मी डाळ कुकरला लावली आणि पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसलो. शिट्टी मला ऐकू येत नाही. बायको असताना ती कुठंही असली तरी हात वर करून बोटं दाखवायची, एक झाली, दोन झाल्या. आता बोटं दाखवणारं कुणी नव्हतं. पाणी आटलं, डाळ जळली, कुकरचा वॉल्व्ह उडाला. अक्का धावत वर आली, दार बडवलं, बेल वाजवली, फोन केला. मी पेपर वाचतोय. शेवटी ती मागच्या जिन्यानं आत घुसली आणि गॅस बंद केला. मला वास आला तेव्हा ती स्वयंपाकघरात कपाळाला हात लावून उभी होती.

अक्कानं मुलाला फोन केला. त्यात तिची चूक नाही, मीही केला असता.

रविवारी मुलगा आणि सून आले. मुलगा म्हणाला, "आता पुरे झालं. या घराला कुलूप लावू."

नात म्हणाली, "मी मशीन लावते त्यांना. मग ठरवू."

"आणि तू गेल्यावर?" मुलगा म्हणाला. "तू चाललीस युरोपला, पुढं शिकायला."

ती म्हणाली, "आजोबा इथं एकटे राहू शकतात असं दिसलं तरच जाईन. नाही दिसलं तर नाही जाणार. मी इथंच राहीन त्यांच्यापाशी."

म्हणजे सगळं येऊन माझ्या डाव्या कानावर बसलं. मला ऐकू आलं तर ती जाणार आणि मी माझ्या घरात राहणार. नाही आलं तर ती अडकणार. हे तिनं मला तोंडासमोर येऊन सांगितलं, लपवलं काही नाही.

त्याच दिवशी जेवणं झाल्यावर मी तिला विचारलं, युरोपात म्हणजे नक्की कुठं? युरोप काय एक गाव आहे? तिनं ताटांतल्या रिकाम्या वाट्या काढून टेबलावर मांडल्या.

"ही इंग्लंड," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "इथं हे सगळं कॉलेजात. डिग्री घ्यायची. तपासणारा तोच, मशीन लावणारा तोच. मी गेले तर मास्टर्स करायचं, मग तिथं नाव नोंदवायचं, मग काम."

मुलगा म्हणाला, "झालं तर मग. हेच करायचं."

"ही जर्मनी. इथं कानाचा आजार बघणारा डॉक्टर वेगळा. मशीन बसवणारा वेगळा, आणि तो कॉलेजात शिकत नाही, दुकानात शिकतो. तीन वर्षं. मास्टरच्या हाताखाली काम करायचं, मधूनमधून शाळेत जायचं, पगार मिळतो थोडा. शेवटी परीक्षा असते, तिच्यात हातचं कामही करून दाखवायचं. पुढं आणखी शिकून आपणही मास्टर व्हायचं. मास्टरशिवाय दुकान काढता येत नाही."

"सुतारासारखं?" मी म्हटलं.

"तसंच. सुतार, चष्मेवाला, कानवाला, सगळे कारागीर."

मग फ्रान्सची वाटी आली. तिथं मशीन बसवणाऱ्याचं वेगळं सरकारी शिक्षण, तेही तीन वर्षं, पण कॉलेजात. इटलीसाठी तिनं दोन वाट्या घेतल्या, कारण तिथं कान तपासणाऱ्याची डिग्री एक आणि मशीन बसवणाऱ्याची दुसरी. हॉलंडात मोठा ऑडिओलॉजिस्ट म्हणजे भौतिकशास्त्र शिकलेला माणूस, त्यानंतर हॉस्पिटलात कैक वर्षं घडवलेला. दुकानात मशीन देणारा निराळा, त्याचं शिक्षण निराळं. पोर्तुगाल आणि पोलंड राहिले, पण वाट्या संपल्या.

मी म्हटलं, "कान तर सगळ्यांना सारखेच ना?"

"कान सारखेच. कानाला हात कुणी लावायचा, ते प्रत्येकानं आपापलं ठरवलंय. एका देशातलं शिक्षण दुसऱ्या देशात नेलं तर ते विचारतात, बाई, तू नक्की आहेस कोण?"

"आणि आपल्याकडं?"

"आपल्याकडं एकाच पोरीला कानही आणि जीभही."

"आपल्या न्हाव्यासारखं," मी म्हटलं. "केस तोच कापणार, दाढी तोच करणार, डोकं तोच चोळणार."

सून हसली. मुलगा हसला नाही. तो खाली बघून काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही, पण सुनेचं हसू थांबलेलं दिसलं. मी नातीला विचारलं, काय म्हणाला? तिची आजी असती तर म्हणाली असती, "दमलाय तो." नात गाळत नाही. तिनं सगळंच्या सगळं सांगितलं. "बाबा म्हणाले, चार वर्षं डिग्री करून अप्रेंटिस व्हायचं? अप्रेंटिस आजोबा होते, सातवी शिकून."

मी म्हटलं, "खरंच आहे. अप्रेंटिसचा मुलगा साहेब झाला. आता साहेबाची मुलगी अप्रेंटिस होईल. चाक फिरून जागेवर आलं, त्यात वाईट काय?"

मुलगा म्हणाला, "बाबा, तसं नव्हतं म्हणायचं मला."

"तसंच होतं. पण असू दे. हिला काय हवंय ते विचार."

तिला जर्मनी हवी होती. भाषेच्या क्लासलाही ती कधीपासून जात होती. म्हणाली, "कॉलेजात मला कान कसा बिघडतो ते शिकवलं. पण माणूस मशीन घेऊन घरी जातो आणि कपाटात ठेवून देतो, ते का, हे मला कळत नाही. हॉस्पिटलात रांग असते. एकाला मशीन लावलं की पुढचा. तिकडं ते एका कानाशी बसतात, महिनोन् महिने. ते मला शिकायचंय."

पुढच्या आठवड्यात तिनं माझ्या कानाचं माप घेतलं. आधी आत दोरा बांधलेला कापसाचा बोळा, मग पिचकारीनं गुलाबी लगदा. लगदा थंड असतो आणि आत गेला की जग बंद होतं. मी गप्प बसलो. बायको गेल्यापासून मी तसाही गप्पच असायचो. लगदा घट्ट झाल्यावर तिनं तो अलगद ओढून काढला. माझ्या कानाचं आतलं पोकळ तिथं भरीव होऊन तिच्या तळहातावर आलं. त्यावरून तिनं कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्वतःच्या हातानं कडक प्लॅस्टिकचा साचा केला, त्याला नळी लावली, नळीला मशीन.

घातलं आणि पहिल्यांदा पंख्याचा आवाज आला. मी म्हटलं, याला तेल पाहिजे. ती म्हणाली, तो सात-आठ वर्षं असाच वाजतोय, आजोबा.

आवाज ठीक होता. साचा मात्र वरच्या घडीत बोचायचा. तिनं बजावून सांगितलं होतं, "बोचलं तर काढून ठेवा. मला सांगा. मी बघते." पण हिला काय सांगायचं? सगळा जन्म मी काय केलं? जॉब, म्हणजे हातातला सुटा भाग, बसत नसेल तर तो मी साहेबाकडं परत पाठवला नाही. जिथं अडतो तिथं कानस मारली आणि बसवला.

दुपारी ती हॉस्पिटलात होती. मी माझ्या बारीक कानशींचा संच काढला आणि गॅलरीत खुर्ची टाकली. आता फिटर लोक अडणारी जागा कशी शोधतात ते सांगतो. एका भागाला पातळ रंग लावायचा, तो दुसऱ्यात बसवायचा, काढायचा आणि रंग कुठं पुसला ते बघायचं. तीच जागा उंच. तेवढीच घासायची. कारखान्यात त्यासाठी निळा रंग मिळायचा. घरात रंग कुठला? कपाटात बायकोचा कुंकवाचा करंडा होता, कुंकू तेलात कालवलं तर चाललं असतं. करंड्याला मी हात लावला नाही. कपड्यांची नीळ घेतली, खोबरेल तेलात कालवली.

साचा निळा केला, कानात घातला, काढला. रंग सगळीकडं पुसलेला. म्हटलं, सगळीकडंच अडतोय. घासला. पुन्हा नीळ, पुन्हा कानात, पुन्हा घासला. शेवटी पॉलिश पेपर मारून असा गुळगुळीत केला की आमचा फोरमन असता तर पाठीवर थाप मारली असती. कानात घातला तर लोण्यासारखा गेला. बोचणं नाही, काही नाही. खूश होऊन पिशवी घेतली आणि दुकानात गेलो.

वाटेत एक कुत्रं माझ्याकडं बघून मान तिरकी करून उभं राहिलं. दुकानदारानं मला बघितलं, मग मागं वळून फ्रीजकडं बघितलं, मग खाली वाकून काउंटरखाली बघितलं. मी म्हटलं, काय हरवलं रे अण्णा? त्यानं हात हलवला, सरी सरी, म्हणजे ठीक ठीक, आणि पोहे दिले. घरी आलो तर अक्का फाटकात उभी. ती आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बोट दाखवून कन्नडात ओरडली, "यजमानरे, परत कुकर लावलात का?"

मी म्हटलं, कुकर नाही लावला.

इतक्यात नात आली. फाटकापासूनच तिचे डोळे मोठे झालेले. तिनं माझ्या कानाला हात घातला, साचा काढला, आणि अक्कानं हुश्श केलं. मी शिट्टी वाजवत गावभर फिरलो होतो. साचा सैल झाला की मशीनचा आवाज फटीतून बाहेर येतो, पुन्हा मशीनमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. ती शिट्टी बारीक असते. सगळ्या गल्लीला ऐकू आली, एक मला सोडून.

"आजोबा, तुमचा कान निळा आहे," ती म्हणाली.

"नीळ आहे."

"ते दिसतंय." तिनं साचा उजेडात धरून फिरवला. "सगळा घासलात? तो सगळीकडून टेकायलाच पाहिजे कानाला. म्हणून तर आवाज आत राहतो. बोचत होतं एवढ्याशा जागी." तिनं करंगळीचं टोक दाखवलं. "कान लोखंडाचा नसतो. दाबला की दबतो. त्याला रंग लावला तर सगळीकडंच पुसणार."

मग ती पायरीवर बसली. तेव्हा मला कळलं की नुसता साचा बिघडला नव्हता. एका जर्मन मास्टरशी तिचं पत्रानं बोलणं झालं होतं. दोन दिवसांनी तो तिला फोनच्या पडद्यावर भेटणार होता, आणि त्यानं सांगून ठेवलं होतं, स्वतःच्या हातानं केलेलं एक काम दाखव, ज्याच्या कानात ते बसलंय त्याच्यासकट. तिचे बाकीचे साचे कॉलेजात जमा झालेले. नवीन करायला प्रयोगशाळा उघडी पाहिजे, ती सुट्टीमुळं बंद. घरात होता तो हा एक, आणि त्याची मी गोटी केली होती.

संध्याकाळी ती चपात्या लाटत होती आणि मी शेजारी बसलो होतो. मनात आलं ते लिहितो. आता गप्प बसलं की झालं. मशीन मला लागू पडत नाही म्हणायचं. जर्मन गेला उडत. पोरगी इथंच राहील, या ओट्याशी, चपात्या लाटत, माझ्या डाव्या हाताला. मला काय कमी? मी तिच्याकडं बघितलं. लाटताना ती जर्मन भाषेतलं काहीतरी पुटपुटत होती, ओठ हलत होते. हिची आजी असती तर मला कोपर मारून म्हणाली असती, "जाऊ द्या."

मी म्हटलं, "परवा तो साचा मीच दाखवतो त्याला. कुणी बिघडवला तेही मीच सांगतो."

"तुम्हाला जर्मन येतं?"

"कानस दाखवायला भाषा कशाला?"

ठरल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं टेबलाशी बसलो, ती माझ्या डावीकडं. पडद्यावर टक्कल पडलेला, बाह्या दुमडलेला माणूस आला. चष्मा कपाळावर. मागं फळीवर साच्यांच्या ओळी. ती इंग्रजीत बोलायला लागली, मधूनच जर्मन. साचा पडद्याजवळ धरून फिरवला. तिनं काही लपवलं नसणार, कारण बोलता बोलता तिनं माझ्या कानाकडं बोट दाखवलं. निळा रंग दोनदा साबण लावूनही घडीत राहिला होता. मास्टर पडद्याच्या जवळ आला. मग चष्मा काढून डोळे पुसायला लागला, इतका हसला.

"कानशी बघायला मागतोय," नात म्हणाली.

मी संच आणून पडद्यासमोर धरला. तो उठून गेला आणि आपला घेऊन आला. त्यानं एक दाखवायची, मी तसलीच दाखवायची. गोल, चपटी, तिकोनी. आमच्या दोघांच्या तिकोनीची मूठ दोऱ्यानं गुंडाळलेली होती. मग तो माझ्याकडं बोट करून काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?"

"म्हणतोय, सगळे नवे अप्रेंटिस पहिल्या वर्षी हेच करतात. जास्त घासतात. तुम्ही पहिल्या वर्षात आहात."

सगळी नोकरी करून मी पहिल्या वर्षात. मला राग यायला हवा होता, पण त्याचं खरं होतं. मी मान हलवली.

मग तो गंभीर झाला आणि तिला काही विचारलं. तिनं उत्तर दिलं, जरा थांबत थांबत. काय बोलली ते मला तिनं रात्री जेवताना सांगितलं. त्यानं विचारलं होतं, हा साचा तर गेला, आता काय करशील? ती म्हणाली होती, नवीन माप घेईन. पहिल्या वेळी आजोबा तोंड मिटून बसले होते आणि मीही त्यांना तसंच बसू दिलं. माणूस बोलतो तेव्हा जबडा हलतो, कान आतून बदलतो. त्यांना बोलतं ठेवून माप घ्यायला हवं होतं. तेवढी चूक माझी.

त्यावर तो बराच वेळ बोलला. मला त्याचे ओठ दिसत होते आणि काही कळत नव्हतं. मी विचारलं, "काय म्हणतो?"

तिनं पडद्यावरची नजर काढली नाही. नुसतं कोपरानं मला ढोसलं आणि म्हणाली, "घेतो म्हणतोय."

मी उठलो आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो.

प्रयोगशाळा उघडल्यावर तिनं दुसरं माप घेतलं. कापसाचा बोळा, थंड लगदा, सगळं तसंच. पण या वेळी ती समोर स्टूल घेऊन बसली आणि हातानं खूण केली, बोला.

"काय बोलू?"

तिनं भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं.

कान भरलेला असला की स्वतःचा आवाज रिकाम्या टाकीत बोलल्यासारखा येतो. मी बोलायला लागलो. आम्ही नवीन आलो तेव्हा तुझ्या आजीला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. पहिल्याच बाजारात तिनं 'स्वल्प' उचलला, थोडंसं. मग काय, त्या एका शब्दावर तिनं सगळा बाजार चालवला. भाव स्वल्प कमी कर. कोथिंबीर स्वल्प जास्त घाल. एकदा बसमध्ये एक दांडगा माणूस तिच्या पायावर उभा होता, त्याला म्हणाली, "स्वल्प!" आणि तो घाबरून पुढच्या दारानं उतरून गेला. नात हसत होती. मी पुढं सांगत गेलो. ती घरमालकिणीशी कशी भांडली, मग तिच्याच पोरीचं बाळंतपण हिनं कसं केलं, मला बहिऱ्याला हिनं कधी बहिरा म्हटलं नाही, पण रागावली की मुद्दाम उजवीकडून बोलायची. ती गेल्यापासून मी एवढं कुणाशी बोललो नव्हतो. लगदा घट्ट झालेला असणार. नातीनं तो काढला नाही. बोलून संपलं तेव्हा तिनं हात पुढं केला.

हा साचा बसला. एका जागी बोचत होता. मी कानशींकडं बघितलंसुद्धा नाही. तिला बोलावलं, तिनं करंगळीच्या टोकाएवढी जागा घासली, झालं.

मुलगा विश्वास ठेवणारा नव्हता. एका रविवारी तो आला आणि आत न येता खालीच थांबला. बेल वाजली. मी दार उघडलं, कुणी नाही. पुन्हा वाजली, पुन्हा उघडलं, कुणी नाही. जिन्याच्या वळणावर त्याचे बूट दिसत होते. तिसऱ्या वेळी मी ओरडलो, "आत ये, नाहीतर व्हाइटफील्डला जा!"

तो वर आला. माझ्या समोर उभा राहून तोंडावर हात धरून हळू आवाजात म्हणाला, "बाबा, चहा मिळेल का?"

"मिळेल. हात खाली घे."

त्यानंच मग तिच्या व्हिसासाठी खेपा घातल्या. अप्रेंटिस हा शब्द त्यानं पुन्हा काढला नाही. पाहुण्यांना सांगतो, मुलगी जर्मनीला ट्रेनिंगला चालली. असू दे. तेही खोटं नाही.

ती निघाली तेव्हा मी कानशींचा संच तिच्या मोठ्या बॅगेत ठेवला, कापडात गुंडाळून. म्हणाली, तुम्हाला लागेल. मी म्हटलं, मला नाही देत आता कुणी काम. विमानतळ लांब, मी गेलो नाही. फाटकापर्यंत गेलो. टॅक्सी वळेपर्यंत तिचा हात खिडकीबाहेर होता.

आता रोज दुपारी तिचा फोन येतो, पडद्यावर. तिथं तेव्हा सकाळ असते, ती दुकान उघडायच्या आधी बोलते. म्हणते, म्हाताऱ्या बायका येतात, त्यांची गावाकडची बोली मला निम्मी कळत नाही. मी म्हणतो, तोंडाकडं बघ, मी जन्मभर तेच केलं. परवा तिनं एक साचा दाखवला, आरशासारखा चकचकीत. मी म्हटलं, छान झालाय.

"छान कसला. जास्त घासला. मास्टर म्हणाले, घरचं वळण दिसतंय."

मी हसत होतो. ती विचारायला लागली, जेवलात का, काय केलंत, अक्का बरी आहे का. कुणी काही विचारलं की अजून माझी मान आधी डावीकडं जाते, मग मी उत्तर देतो. ते काही मशीननं जायचं नाही, आणि जावं असंही मला वाटत नाही.

मी म्हटलं, "थांब जरा."

"काय झालं आजोबा?"

"डाळ लावलीय. तिसरी शिट्टी झाली. गॅस बंद करून येतो, तू फोन ठेवू नको."